पंगतीएवढी वाट

कॉलेजच्या सभागृहातल्या सतरंज्यांना ओला वास आला, की मला सायखेड्याच्या पुरातली शाळा आठवते. गोदावरीचं पाणी घरात शिरलं म्हणून आम्हा सगळ्यांना तिथल्या हॉलमध्ये हलवलं होतं. भिजलेल्या गोधड्या, कांद्याची पोती, रडणारी पोरं, आणि अगदी मागच्या भिंतीशी दिवस भरलेली माझी वहिनी. मधून चालायला वाट सोडा, असं गुरुजी सांगून दमले, पण जो तो अंथरूण पसरत होता. "घर पाण्यानं घेतलं, आता इथली जागा तुम्ही घ्या," शेजारचे काका चिडून म्हणाले. वहिनीकडे बघून मी भीत भीत बोललो, "काका, पंगतीत वाढप्याला वाट ठेवतो ना, तशी ठेवू." "मग वाढायला तू येशील का रं?" काका म्हणाले. लोक हसले, आणि बघता बघता समोरासमोर रांगा झाल्या. संध्याकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या आणि गुरुजींनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली. आम्ही तिला खुर्चीत बसवून उचललं, तसे लोक पाय पोटाशी घेत गेले आणि दारातल्या रुग्णवाहिकेपर्यंत कुठे थांबावं लागलं नाही. मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा काका गुडघे मिटून भिंतीला टेकले होते, कारण वाट त्यांच्याच अंथरुणाच्या जागेतून गेली होती. "दोघी बऱ्या हायेत ना? मग बसलो तर काय झालं," ते म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आता वर्गात पूरग्रस्तांच्या निवाऱ्याच्या नकाशावर चालायची वाट आखताना वाटतं, ही कुणाच्या तरी अंथरुणातून जाणार आहे, आणि त्या अनोळखी माणसाचे मी मनातल्या मनात आधीच आभार मानतो.