डब्याच्या तोंडात अक्षता

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी आमच्या सेंटरवर म्हाताऱ्यांचा बाजार भरतो. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाला आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला पटवून द्यावं लागतं. सिहोऱ्याच्या बाजूच्या आमच्या गावात ते पटवून द्यायची जागा म्हणजे माझ्या घराची पुढची खोली. तिथं एक टेबल, एक जुना डेस्कटॉप आणि अंगठ्याचं यंत्र आहे. डेस्कटॉपच्या सीपीयूच्या डब्यावर दिवाळीत सासूबाईंनी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजून होतं. मी ते पुसलं नव्हतं, कारण पुसलं असतं तर पुढची दिवाळी येईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं.

त्या दिवशी दुपार कलेपर्यंत सगळे आटोपले. शेवटी आल्या तळ्याकाठच्या आजी. त्यांचे यजमान वनरक्षक होते. ते गेल्यापासून आजी त्यांच्या पेन्शनवर तळ्याकाठच्या घरात एकट्या राहतात. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांना गाडीतून आणलं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर पट्टी, आणि लांबलचक काठी दोन्ही गुडघ्यांत धरून त्या पुढच्या सीटवर अवघडून बसल्या होत्या.

"काठी डिक्कीत टाकायची ना," मी मुलाला म्हटलं.

"डिक्की भरलेली आहे," तो म्हणाला आणि आईला हात देऊन आत घेऊन आला.

खुर्चीवर बसता बसताच त्यानं मला सगळं सांगून टाकलं. मोबाईलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला काढायचा प्रयत्न त्यानं ऑपरेशननंतर नागपूरला करून पाहिला होता, पण पट्टीमुळे चेहरा ओळखला जाईना, आणि पट्टी काढायची डॉक्टरांनी मनाई केलेली. तुमसरला सकाळी रांग रस्त्यापर्यंत आलेली. शेजारच्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरलेली, त्यामुळे तिथलं सेंटर बंद. दिवाळीनंतर मंडई असली की आमच्याकडे सेंटर काय, दवाखानाही अर्ध्या मनानं चालतो.

"गेल्या वर्षीही हिची बोटं लागत नव्हती," तो म्हणाला. "आज झालं तर झालं. नाही झालं तर घराला कायमचं कुलूप लावून आजच नागपूरला घेऊन जातो. तिथून करू जे करायचं ते. दरवर्षी ही धावपळ माझ्यानं होत नाही."

आजींच्या पदराच्या गाठीला घराची किल्ली बांधलेली होती, ती त्यांनी मुठीत धरली.

"किल्ली दे माझ्याजवळ, पडेल कुठंतरी," मुलगा म्हणाला.

"राहू दे बाबू," आजी म्हणाल्या.

मला त्या माणसाचा राग आला. आईचं घर काय दुकानाचं शटर आहे, की संध्याकाळ झाली आणि ओढलं खाली? पण राग गिळला आणि कामाला लागले. अंगठ्याच्या यंत्राची वायर आखूड. ते डब्याच्या मागच्या बाजूला जोडलेलं असतं आणि माणसाला टेबलाकडे सरकून वाकावं लागतं. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला कशाला वाकवायचं, म्हणून मी यंत्र मागून काढलं आणि डब्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या यूएसबीच्या तोंडात लावायला गेले. जाईना. जरा जोर दिला. गेलं.

आणि माऊसचा लाल दिवा विझला.

मग कीबोर्डचा दिवा विझला. स्क्रीनवरचा बाण जिथल्या तिथं थिजला. मी यंत्र काढलं, पुन्हा मागं लावलं. त्याचाही दिवा लागेना. मागची सगळी तोंडं एकेक करून पाहिली. माऊस इथं लावला, तिथं लावला. सगळं ढिम्म.

"काय झालं?" मुलानं विचारलं.

"काही नाही. बंद करून चालू करते."

बटण दाबून धरून बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मतलब असा की एखाद्या यूएसबीच्या तोंडातून नको तितका करंट ओढला जातो आहे, म्हणून मशीन वाचवण्यासाठी बंद करत आहे. मी वाचून संपवते न संपवते तोच डबा खरोखरच बंद झाला. पुन्हा चालू केला, तेच.

नवऱ्याला फोन लावला. तो प्रिंटरचा टोनर आणायला भंडाऱ्याला गेला होता, आणि अंगठ्याचं यंत्र मोबाईलला जोडायची छोटी पिन त्याच्याच बॅगेत. "रात्रीपर्यंत येतो," तो म्हणाला. रात्रीपर्यंत तळ्याकाठच्या घराला कुलूप लागलेलं असणार, हे त्याला काय सांगणार?

"होत नसेल तर सांगा ताई," मुलगा घड्याळ पाहत म्हणाला. "आम्ही निघतो. अंधार पडायच्या आत हायवे गाठायचा आहे."

"कायले घाई करून राहिला रे?" आतून सासूबाई आल्या. त्या आजींच्या जुन्या ओळखीच्या, एकमेकींच्या बांधीत भाताची रोवणी केलेल्या. "बस जरासा. सून पाहून राहिली ना."

"काकू, तिला एकटीला ठेवून मला तिकडं झोप येत नाही. रात्री पडली-झडली तर उचलणार कोण?"

माझा राग होता तिथंच राहिला, पण त्याला धार राहिली नाही.

मी डब्याच्या पाठीमागच्या सगळ्या वायरी उपटल्या. माऊस, कीबोर्ड, प्रिंटर, स्कॅनर, काहीही ठेवलं नाही. फक्त वीज आणि स्क्रीन. करंट ओढणारं जे काही असेल ते यातलंच एक असणार. बटण दाबलं. तीच दोन ओळींची धमकी, आणि डबा बंद.

म्हणजे ओढणारं बाहेरचं नव्हतंच. डब्यातलंच काहीतरी होतं.

"सोडा ताई," मुलगा उठून उभा राहिला. "आई, चल. किल्ली दे."

आजी उठल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पोरी, पाहाय ना अजून. मी बसतो."

त्यांचा आवाज घाबरलेला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. मी मघापासून डब्याच्या पाठीमागे डोकं घालून बसले होते, आणि खोड सुरू झाली होती पुढच्या तोंडात जोर दिला तेव्हा. मी विजेची वायर काढली, मोबाईलची टॉर्च लावली आणि पुढच्या तोंडात पाहिलं.

आत काहीतरी लाल होतं.

सुई आणून हळूच टोकरलं. कुंकवानं माखलेला, वाळून दगड झालेला तांदळाचा दाणा टेबलावर पडला. त्याच्यामागून दुसरा. दाणे आत बसलेले असताना मी यंत्र दामटलं होतं, त्यामुळे आतल्या दोन पिना वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या. शेजारच्या तोंडातही दाणे होते.

"आत्या," मी दात आवळून म्हटलं, "ह्या अक्षता डब्याच्या आत कशा गेल्या?"

सासूबाईंनी दाणा पाहिला. मुळीच कचरल्या नाहीत. "मीच घातल्या. दिवाळीले मळणीच्या मशीनीले पुजतो, त तिच्या तोंडात दाणे टाकतो का नाही? खाईन तवाच काम देईन. ह्या डब्यावर तुह्या घरचं चालते. त्याले उपाशी काहून ठेवाव?"

मी कपाळावर हात मारला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. भांडायला वेळ असता तर त्या दिवशी आमचं भांडण गावभर ऐकू गेलं असतं. पण वेळ नव्हता.

सुईनं पिना सरळ करून पाहिल्या. एक हलेना, दुसरी तुटायला आली. मग एकच उपाय राहिला. डबा उघडायचा आणि पुढच्या तोंडांची वायर आतूनच काढून टाकायची. हे मी कुणाला करताना एकदा पाहिलं होतं, स्वतः केलं नव्हतं.

"उघडू नका," मुलगा म्हणाला. "आणखी बिघडेल."

"बिघडला तर माझा बिघडेल," मी म्हटलं. हे जरा जोरात निघालं.

स्क्रू काढले, पत्रा सरकवला. आत धुळीचा थर आणि वायरींचा गुंता. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाड वायरी पुढून आत आल्या होत्या. चुकीची ओढली तर काय होईल मला ठाऊक नव्हतं. तोंडापासून बोट वायरीवरून सरकवत सरकवत बोर्डापर्यंत नेलं. मध्येच गुंत्यात बोट हरवलं. पुन्हा तोंडापासून सुरुवात केली. सापडली ती. घट्ट बसलेली. डोळे मिटून ओढली.

मागच्या वायरी जोडल्या, वीज लावली, बटण दाबलं. त्या दोन ओळी पुन्हा येतील या भीतीनं मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. माऊसकडे पाहत राहिले. त्याच्या पोटात लाल दिवा लागला.

मी रडले असते, पण काम व्हायचं होतं. आता यंत्र मागंच लावणं भाग होतं. मग डब्यालाच आजींकडे पाठमोरं फिरवलं. आजींनी उजवा अंगठा ठेवला. जुळला नाही. पुन्हा ठेवला. नाही. उजव्या हाताची सगळी बोटं झाली. आयुष्यभर चिखलात रोवणी केलेल्या हातावर रेघा किती उरणार?

"गेल्या वर्षी असंच झालं होतं," मुलगा हळू म्हणाला. आता त्याच्या आवाजात घाई नव्हती.

सासूबाई पुढं आल्या. आजींचा डावा हात दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी तो खसाखसा चोळला, लहान लेकराचे हात थंडीत चोळावे तसा. "ठेव आता. दाबू नको. नुसतं टेकव."

आजींनी डाव्या हाताचं मधलं बोट टेकवलं. स्क्रीनवर गोल फिरत राहिला. मग हिरवी खूण आली.

"झालं!" मी ओरडले. "आजी, झालं!"

मुलगा खुर्चीत बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तो खूश झाला की नाही, मला ओळखता येईना.

मी दाखल्याचा कागद छापून दिला. सासूबाईंना तेवढ्यानं समाधान कुठलं. त्यांनी परसातल्या वेलाचा भला मोठा कोहळा आणला आणि गाडीकडे निघाल्या. "काकू, नको, डिक्कीत जागा नाही," मुलगा त्यांच्यामागं धावला. पण सासूबाईंना नको म्हणून थांबवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. त्यांनी डिक्की उघडली.

आत आजींची गादी गुंडाळून ठेवलेली होती. पाण्याची पितळी गुंडी होती. आणि एका जुन्या लुगड्यात बांधलेलं छोटं देवघर. लुगड्याच्या फटीतून घंटीची मूठ दिसत होती.

मी मागून आजींना घेऊन येत होते. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. "मला वाटलं होतं, होणार नाही," तो म्हणाला. "सकाळी तू डोळ्यात औषध घालून घ्यायला शेजारी गेलीस, तेव्हा भरलं."

"ठाव हाय मले," आजी म्हणाल्या. "निघताना देवाले हात जोडाले गेलो, दिसलं नाही म्हणून हात फिरवला. फळी रिकामी लागली."

"मग बोलली काहून नाही?" मुलाची शहरी भाषा गळून पडली आणि घरची बोली बाहेर आली.

"बोलून का होते? बोट लागलं पायजे होतं." त्यांनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "हे घे. आता कुलूप उघड आन् देव जागेवर ठेव. मले वाकता येत नाही."

त्यानं कोहळा मागच्या सीटवर ठेवला. आईला पुढं बसवलं, काठी तिच्या गुडघ्यांत दिली. नागपूरला जायला आमच्या दारातून उजवीकडे वळावं लागतं. गाडी डावीकडे तळ्याच्या रस्त्याला लागली. सासूबाई टेबलावरचे कुंकवाचे दाणे गोळा करून तुळशीत टाकायला गेल्या, आणि मी डब्याचा पत्रा बसवायला घेतला.