जुन्या कापडावर नवं

कारंज्यात माझ्या शिवणाच्या दुकानाशेजारी एकाचं पूल टेबल आहे. बोलताना तो टेबलाच्या कापडावरून तळहात फिरवत असतो. त्याच्या मुलाच्या स्टिकने ते कापड एका जागी फाटलं होतं. मुलगा मागच्या उन्हाळ्यात वारला. गिऱ्हाइकं फारच कुरकुरायला लागली, तेव्हा त्याने नवं कापड आणलं आणि ताणून धरायला मला बोलावलं.

"भाऊ, आधी जुनं काढा. नाईतर बॉल चालन काय?"

"राहू द्या ना ताई. त्याले कायले उचकटता?"

मी नव्याचं टोक धरलं, त्याने जुन्यावरच पिना ठोकल्या.

बॉल खरंच रेंगाळतात. गिऱ्हाइकं आता बसस्टँडकडच्या टेबलावर जातात. तो मात्र रोज संध्याकाळी ब्रश मारतो आणि फाटलेल्या जागेवर आला की हात हलका करतो.