तळ्याला वळसा

अल्बिना कुबिचेक यांच्या घरी येणाऱ्याला आधी कॉफी मिळायची, मग कोलाच, म्हणजे जर्दाळूचं नाहीतर खसखशीचं सारण भरलेला गोड पाव, आणि त्यानंतर तो कशाला आलाय ते विचारलं जायचं. पाइपलाइन कंपनीच्या कोल्व्हर्डला हे ठाऊक नव्हतं. त्याने उंबऱ्यातच नकाशा उलगडला. अल्बिनाबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, नीट घडी घातली आणि पाव ठेवायच्या डब्यावर ठेवून दिला.

"बसा," त्या म्हणाल्या. "दूध घालू?"

दोन कोलाच पोटात गेल्यावर नकाशा टेबलावर आला. त्यावर गॅसच्या लाइनीची लाल रेघ होती. ती शेजारच्या एर्विन मारेकच्या झुडपांतून सरळ येऊन अल्बिनाबाईंच्या कुरणात शिरत होती आणि तळ्याच्या बांधातून आरपार जात होती.

हे तळं त्यांच्या नवऱ्याने, अल्फॉन्सने खणलेलं. त्याच्या तळाशी चिकणमातीचा एक पातळ थर होता आणि त्याखाली नुसती वाळू. थर एकदा फुटला की पाणी राहणार नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता. लव्हाका नदीच्या त्या अंगाला ऑगस्टमध्ये आभाळाकडे बघून उपयोग नसतो. तळं गेलं की गाई विकायच्या, आणि गाई विकल्या की सकाळी उठून करायचं काय, हे अल्बिनाबाईंना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांना त्या रेघेची भीती वाटली. तसं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"ही जरा बाजूने न्या," त्या म्हणाल्या.

"लाइन सरळ जाते, मिसेस कुबिचेक. आणि खरं सांगायचं तर आजूबाजूच्या सगळ्यांच्या सह्या झाल्यात. मिस्टर मारेक यांचीसुद्धा. आता फक्त तुम्ही राहिलात." मग आवाज आणखी मऊ करून तो म्हणाला, "कायद्याने कंपनीला लाइन टाकायचा हक्क कोर्टातून मिळवता येतो. पण तिथवर कुणाला जायचंय?"

त्याने जाताना करारनामा ठेवला आणि तिसरा कोलाच रुमालात बांधून नेला.

अशा वेळी कुणीही उठून शेजाऱ्याकडे गेलं असतं आणि विचारलं असतं, काय रे, खरंच सही केलीस? पण त्या भागातल्या चेक माणसांचं तसं नाही. पणजोबा चेक मुलखातल्या मोरावियातून समुद्र ओलांडून येताना सोबत काय काय घेऊन आले कोण जाणे, ही खोड मात्र नक्की आली. शेजाऱ्याचं पित्ताशय, त्याच्या मुलाचा घटस्फोट, पाद्रीबाबांचं वाढतं पोट यावर तासभर बोलावं. शेजाऱ्याने आपल्या जमिनीचं काय केलं हे मात्र विचारू नये. विचारणारा हलका ठरतो.

एर्विन आणि अल्बिनाबाई दर रविवारी तारोकीचा पत्त्यांचा डाव मांडत. आधी दोन्ही जोडपी खेळायची. अल्फॉन्स गेला, मग एर्विनची बायको जॉर्जिया गेली, तेव्हा उरलेल्या दोघांनी खेळाचे नियम दोघांपुरते वाकवून घेतले. तेवढ्या वर्षांत जमिनीचा विषय त्या टेबलावर एकदाही आला नव्हता. त्या रविवारीही आला नाही. अल्बिनाबाई तिन्ही डाव हरल्या आणि गुडघा दुखतोय म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी करारनामा भिंग लावून वाचला. त्यात लिहिलं होतं की कंपनी 'एक किंवा अधिक' लाइनी टाकेल, कायमच्या. त्यांनी कोल्व्हर्डला फोन लावला.

"अधिक म्हणजे किती?"

"तसं लिहायची पद्धत आहे, मॅडम. छापील मजकूर आहे तो."

"मग खोडायची पद्धत पाडा. आणि कुंपणाचं यात काहीच नाही. तार तोडायच्या आधी दोन्ही बाजूंच्या खांबांना आडवे टेकू द्यायचे. नाहीतर तुम्ही इथे तोडाल आणि तिकडे ओढ्यापर्यंत सगळी तार लोळेल."

कोल्व्हर्ड म्हणाला, बघतो. तळ्याबद्दल मात्र त्याचं एकच पालुपद: शेजाऱ्यांच्या सह्या झाल्यात, रेघ आता हलत नाही.

पुढच्या रविवारी एर्विनने पत्ते पिसले, वाटले, आपले हातात लावून घेतले आणि पत्त्यांकडेच बघत म्हणाला, "बेडकांची आठवण येईल मला."

"कुठल्या बेडकांची?"

"तुझ्या तळ्यातल्या. रात्री माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येतात."

"मग? कुठे निघालेत ते?"

"आता तू सही केलीस म्हटल्यावर..." आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन एर्विनचे कान लाल झाले. "माफ कर. माझा काही संबंध नाही."

अल्बिनाबाईंनी हातातले पत्ते उपडे ठेवले. "मी केली? अरे, सही तर तू केलीस!"

"मी? छे! तो म्हणाला, तुझी झाली, फक्त मी उरलोय. उद्या करणार होतो."

त्यानेही आपले पत्ते उपडे ठेवले. मग एर्विन म्हणाला, "बाजूला घोराक. त्याच्यापुढे विधवा पेट्राश. त्यांनासुद्धा...?"

"विचारावं लागेल," अल्बिनाबाई म्हणाल्या, आणि दोघांनीही असं तोंड केलं की जणू कुणी त्यांना चर्चमध्ये शिट्टी वाजवायला सांगितलंय.

त्यांनी विचारलं. सह्या कुणीच केल्या नव्हत्या. प्रत्येकाला तोच शेवटचा असल्याचं सांगितलं होतं, आणि प्रत्येक जण सभ्यपणे तोंड मिटून बसला होता. कोल्व्हर्डला या लोकांचा स्वभाव त्यांच्यापेक्षा चांगला कळला होता, असंच म्हणायचं.

मग सगळ्यांनी मिळून एक वकील धरला. वकील म्हणाला, "नाही म्हणणं तुमच्या हातात नाही, ते विसरा. पण कुठून, किती रुंद, किती खोल आणि नंतर जमीन कशी करून द्यायची, हे सगळं बोलण्यासारखं आहे. त्यांचा पहिला कागद हा नुसता त्यांचा पहिला कागद असतो. तोंडी दिलेला शब्द तर विसराच, लिहून घ्या. आणि इथून पुढे एकट्याने भेटू नका." बोलण्याची त्याने फी घेतली, पण कुणाला जड गेली नाही.

पुढच्या वेळी कोल्व्हर्ड आला तेव्हा स्वयंपाकघरात एर्विनही बसला होता. कोल्व्हर्डने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"बसा," अल्बिनाबाई म्हणाल्या. "आज खसखशीचे आहेत. आमच्या दोघांच्या सह्या कशा होत्या? अक्षर बरं होतं ना?"

त्या दिवशी बऱ्याच गोष्टी ठरल्या. लाइन एकच. वरची काळी माती वेगळी काढायची आणि शेवटी वरच परत घालायची. कुंपण कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंत अख्खं नवं. तळ्याशी मात्र गाडी अडली.

"वळवता येईल," कोल्व्हर्ड नकाशावर बोट फिरवत म्हणाला, "पण वळण फार मागून घ्यावं लागेल. म्हणजे लाइन मिस्टर मारेक यांच्या झुडपांऐवजी त्यांच्या गवताच्या शेतातून जाईल. तिथे ते कशाला तयार होतील?"

ते गवत एर्विनचं सोनं होतं. झुडपांत फक्त साप होते. अल्बिनाबाईंनी टेबलक्लॉथवरची नक्षी न्याहाळायला सुरुवात केली. मागणं त्यांच्या जिभेवर येणारच नव्हतं.

एर्विनने कोलाच उचलला, अर्धा खाल्ला. "गवतातून न्या," तो म्हणाला.

"आणखी काही?" कोल्व्हर्डने विचारलं. "एखादं फाटक वगैरे? आत्ताच सांगा, नंतर होणार नाही."

अल्बिनाबाईंनी खिडकीतून कुंपणाकडे पाहिलं. एर्विनने उरलेल्या कोलाचकडे पाहिलं.

"नाही," दोघं म्हणाले.

लाइन पुरली गेली. वळसा घेऊन गेली, तळं राहिलं, बेडूकही राहिले. एर्विनच्या शेतात वर्षभर मातीचा पट्टा उघडा पडून होता. त्याने एवढं का दिलं, हा प्रश्न अल्बिनाबाईंना रोज पडायचा आणि रविवारी त्या तो पत्त्यांखाली दाबून ठेवायच्या. कुंपण मात्र देखणं झालं. कंपनीचा मुकादम इतका चोख निघाला की तळ्याजवळच्या एल्म झाडाखालची, अल्फॉन्स गेल्यापासून लोळलेली तारसुद्धा त्याने ताणून बसवली. बाकीचं अख्खं कुंपण अल्बिनाबाई दर वसंतात स्वतः दुरुस्त करायच्या. फक्त तेवढी जागा तशीच राहायची.

जुलै आला. एर्विनच्या शेतातला पाण्याचा खड्डा आटून त्याला भेगा पडल्या. एका सकाळी अल्बिनाबाईंना दिसलं की एर्विनची वासरं एल्मखाली नव्या तारेला नाक लावून ओळीने उभी आहेत आणि पलीकडच्या पाण्याकडे बघतायत. त्यांनी पक्कड घेतली आणि चालू लागल्या.

कुंपणापलीकडे एर्विन उभा होता. त्याच्या हातातही पक्कड होती. त्याने ती पाठीमागे लपवली.

"कुंपण छान झालंय," तो म्हणाला.

"फारच छान." अल्बिनाबाईंनी वासरांकडे पाहिलं. "किती वर्षं पितायत रे माझं पाणी?"

एर्विनचे कान लाल झाले. "तुला माहीत होतं?"

"मग तेवढीच तार मी लोळत का ठेवायची? हात दुखायचा का माझा तिथे आल्यावर?"

एर्विनने टोपी काढून घाम पुसला, आणि घामाबरोबर डोळेही पुसले. "सांगायची लाज वाटायची," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं, निदान गवत तरी द्यावं."

"मला तुझे आभार मानायचे होते. वर्षभर मानायचे होते, एर्विन. जमलं नाही."

"मग त्या दिवशी फाटक का नाही मागितलंस? तो विचारत होता."

"तू का नाही मागितलंस?"

वासरं हंबरली. एर्विनने पक्कड तारेला लावली.

"थांब," अल्बिनाबाई म्हणाल्या. "आधी खांबाला टेकू दे. किती वेळा सांगायचं माणसांना!"