मढच्या बंगल्यातलं मौन

आमच्या मुलुंडच्या चर्चच्या मराठी मंडळीची मी गेली अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. मला कोणी निवडून वगैरे दिलं नव्हतं. शाळेत शिकवते, अक्षर बरं आहे आणि सभेत झोप लागत नाही, एवढ्या भांडवलावर सभेच्या मिनिट्सची वही माझ्याकडे आली ती आलीच. त्यामुळे धर्मप्रांताच्या कचेरीतून ते जाडजूड पाकीट आलं तेव्हा फोडायचं कामही माझ्याकडेच होतं.

आत पत्रक होतं आणि सोळा पानी फॉर्म होता. आत्मिक नवीकरण आणि पुढील दहा वर्षांचं नियोजन. प्रत्येक मंडळीने एक दिवस एकांतात प्रार्थनेत घालवायचा, मनन करायचं आणि मग फॉर्म भरून बिशपसाहेबांकडे पाठवायचा. बलस्थानं लिहा, उणिवा लिहा, संधी लिहा, धोके लिहा. शेवटी ध्येयवाक्य, एका ओळीत.

कमिटीच्या सभेत आम्ही धोक्यांपासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यांना पटकन सुचत होते. एकजण म्हणाला कबुतरं. हे खरंच होतं. वेदीच्या वर त्यांनी तीन पिढ्या संसार केला होता. दुसऱ्याचं म्हणणं, शेजारच्या टॉवरवाल्यांना रविवारची घंटा खुपते. तिसरी म्हणाली, तरुण मुलं बदलापूरला आणि कॅनडाला जातात आणि दोन्हीकडून येणं सारखंच अवघड. मी सगळं लिहिलं. बलस्थानांच्या रकान्यात तासाभराने एकच ओळ होती: "महिला मंडळाचं मटण."

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, नगरकडचे. दोन वर्षांपूर्वी बदलून आले. माणूस मनाचा चांगला, पण भिंतीवर प्रोजेक्टर टाकल्याशिवाय त्यांना बोलायला होत नाही. वही पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"आधी नवीकरण करूया," ते म्हणाले. "मन शांत झालं की नियोजन आपोआप सुचेल. मढला एक बंगला मिळतोय."

त्यांनी व्हॉट्सअॅपवर नियम पाठवले. सकाळी आठ ते अकरा संपूर्ण मौन. बोलायचं नाही, खुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, मोबाईल बसमध्ये. काहीही झालं तरी मौन मोडायचं नाही. शक्यतो पांढरे कपडे.

मौन सोडवायची जबाबदारी वॉर्डनकाकांवर आली. ते आमचे चर्चवॉर्डन, आयुष्यभर बस डेपोत टाइमकीपर होते. संडे स्कूलची पितळी घंटा त्यांच्या हातात देऊन पाळकसाहेब म्हणाले, "बरोबर अकराला वाजवा."

"बरोबर म्हणजे बरोबरच वाजते," काका म्हणाले. त्यांना त्या शब्दाचा थोडा अपमानच वाटला होता.

सगळ्यांना काळजी होती ती मेट्रनबाईंची. मेट्रनबाई एक्याऐंशीच्या. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन होऊन बाहेर पडल्या. लग्न केलं नाही. भांडुपला एकट्या राहतात. त्यांना उपासनेत गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. उपदेश लांबला की दुसऱ्या बाकावरून स्पष्ट आवाज यायचा, "झालं की आता." बसमध्ये माझ्या शेजारी बसून त्या म्हणाल्या, "अगं सेक्रेटरी, तीन तास तोंड बंद? ऑपरेशनच्या पेशंटलाही एवढं सांगत नाहीत."

बंगला मोठा होता. पुढे हिरवळ, मागे नारळाची झाडं आणि पलीकडे खाडी. केअरटेकरने गेटवरच सांगितलं, "पुढचा भाग शूटिंगला दिलाय. तुम्ही मागे बसा, कोणाचा त्रास नाय." पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली, काकांनी घड्याळ पाहिलं आणि आठ वाजता आम्ही सव्वीस माणसं पांढऱ्या कपड्यांत नारळाखाली गप्प झालो.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात मी स्तोत्रसंहिता उघडून चष्म्यातून मुंग्या बघत होते. दहाच्या सुमारास बंगल्याच्या बाजूने एक मुलगी धावत आली. जीन्स, गळ्यात वॉकीटॉकी, हातात कागद.

"अरे, आप लोग यहाँ बैठे हो? मैं कब से ढूँढ रही हूँ! चलो चलो, फ्रंट में!"

कोणी बोललं नाही. आम्ही सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले, चेहरा आकाशाकडे. त्यांचं नवीकरण चांगलंच रंगात आलं होतं.

"सुनाई नहीं देता क्या? सर चिल्ला रहे हैं! अम्मा, उठो."

अम्मा म्हणजे मेट्रनबाई. त्या उठल्या. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं हा पाळकसाहेबांचाच काहीतरी नवीन प्रकार आहे. त्यांचा काय भरवसा." त्या उठल्या म्हणून महिला मंडळ उठलं, महिला मंडळ उठलं म्हणून नवरे उठले. वॉर्डनकाका घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरून निघाले, चुकून वाजू नये म्हणून. पाळकसाहेबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांची अख्खी मंडळी एका रांगेत बंगल्याच्या कोपऱ्यावरून नाहीशी होत होती. ते धावत आले. तोंड उघडलं, मिटलं. नियम त्यांचाच होता. खुणा करायला हात वर केले आणि तेही खाली घेतले, कारण खुणांचा नियमही त्यांचाच होता.

"भैया, आप भी बैठो पीछे," ती मुलगी म्हणाली. पाळकसाहेब बसले.

पुढच्या व्हरांड्यात एक म्हातारा पांढऱ्या चादरीखाली झोपवला होता. नाकात कापूस, गळ्यात हार. चारी बाजूंनी दिवे, कॅमेरे. टीव्हीवरच्या हिंदी मालिकेतले बाबूजी वारले होते आणि आम्ही त्यांचे शोकाकुल नातेवाईक होतो. हे मला समजलं तेव्हा मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते आणि माझ्यावर लाइट होता. बोलावं का? सव्वीस जणांच्या मनात तेव्हा हेच चाललं असणार. आणि सव्वीस जण मनात म्हणत असणार, दुसरं कोणीतरी बोलेल.

ती मुलगी वॉकीटॉकीवर कोणाला तरी सांगत होती, "सर, आज की पार्टी एकदम झकास है. कोई बात ही नहीं करता!"

एक माणूस छोटी बाटली घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांखाली काहीतरी लावत फिरत होता, रडू यावं म्हणून. तो मेट्रनबाईंपाशी आला. त्यांनी त्याच्या नखांकडे पाहिलं, त्याचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. तो निमूट पुढे गेला. मग त्यांची नजर बाबूजींच्या पायांवर गेली. चादर एका बाजूने सुटली होती, अंगठा बाहेर आला होता. बाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या. चादर ओढली, टोक तिरकं दुमडलं, पायाखाली घट्ट खोचलं, हॉस्पिटलातल्या पलंगावर खोचतात तसं. वरून हलकेच हात फिरवला आणि तिथेच बसून राहिल्या.

"वो चश्मेवाली अम्मा!" कुठूनतरी स्पीकरवर आवाज आला. "क्या टच दिया यार! क्लोज लो, क्लोज लो!"

मालिकेची नायिका "बाबूजी!" करत धावत आली आणि पायऱ्यांवर कोसळली. आमच्यातल्या एक-दोघींना खरंच हुंदका आला. मेलेलं माणूस खोटं असलं तरी किंकाळी मोठी होती. मी मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्या रडत होत्या. आवाज नाही, चेहरा वेडावाकडा नाही. चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. अकरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला शूटिंगचं काही वाटेनासं झालं.

नायिकेने पुन्हा एकदा "बाबूजी!" म्हणायला श्वास घेतला आणि घंटा वाजली.

वॉर्डनकाका तिसऱ्या रांगेत उभे राहिले होते. एका हातात घड्याळ, एका हातात घंटा. अकरा म्हणजे अकरा. आणि तीन तास कोंडलेल्या सव्वीस जणांनी एकदमच तोंड उघडलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"माझी चप्पल मागे राहिली!"

"आपण कोणाच्या मयताला आलोय?"

"आम्ही ते नव्हेच! आम्ही चर्चचे!" हा पाळकसाहेबांचा आवाज, सगळ्यात वरचा.

बाबूजी उठून बसले. नाकातला कापूस काढून त्यांनी विचारलं, "हो गया क्या?"

तेवढ्यात गेटमधून बस आत आली आणि तिच्यातून पांढऱ्या कपड्यांतली दुसरी पंचवीस-तीस माणसं उतरली. खरे शोकाकुल नातेवाईक चुकून मार्वेच्या बाजूला गेले होते. ती वॉकीटॉकीवाली मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिली आणि खाली पायरीवर बसली. तिला बिचारीला कोणी ओरडू नये म्हणून पाळकसाहेब स्वतः दिग्दर्शकाकडे माफी मागायला गेले. दिग्दर्शक हसत सुटला. म्हणाला, "आप लोग रोज क्यूँ नहीं आते?"

जेवण एकत्रच झालं. त्यांच्याकडे पनीर होतं, आमच्याकडे मुलुंडहून आणलेलं मटण. बाबूजींनी दोनदा घेतलं. वहीत लिहिलेलं एकमेव बलस्थान खरं ठरलं, अशी मी मनात नोंद केली.

दुपारी आम्ही पुन्हा नारळाखाली बसलो. पाळकसाहेबांनी मोठा कागद दोन झाडांमध्ये बांधला होता. त्यावर लिहिलं होतं: दहा वर्षांनी आपली मंडळी कुठे असेल?

"बदलापूरला," वॉर्डनकाका म्हणाले.

हसणं ओसरल्यावर मेट्रनबाई बोलायला लागल्या. उभ्या राहिल्या नाहीत.

"आज मी रडले ते सगळ्यांनी पाहिलंत. म्हातारीला काय झालं म्हणाल, म्हणून सांगते. माझी एक मैत्रीण होती. आम्ही नर्सिंगला एका खोलीत होतो, तेव्हापासूनची. रोज संध्याकाळी फोन करायची. लॉकडाऊनमध्ये ती गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. कोणाला जाऊ देत नव्हते. मी आयुष्यात किती परक्या माणसांची शेवटची चादर खोचली असेल, आणि तिची मला खोचता आली नाही. तिच्यासाठी चार माणसांत बसून रडायला मला मिळालंच नव्हतं. आज मिळालं. तो मेला खोटा मेलेला का असेना."

नारळाखाली पुन्हा मौन पडलं. या वेळी नियम कोणी केला नव्हता.

मला वाटलं, आता पाळकसाहेब यावर पंधरा मिनिटं बोलणार. ते बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मावशी, तुमच्याकडे कोण येतं?"

"दूधवाला. आणि रविवारी तुमचं व्हॉट्सअॅप."

पाळकसाहेब खाली बघत राहिले. मीही वहीत बघत होते, कारण लॉकडाऊननंतर केलेल्या एकट्या सभासदांच्या यादीपुढे "भेटी देण्यात आल्या" हे वाक्य माझ्याच अक्षरात होतं. मी कोणाला विचारून ते लिहिलं होतं, मला आठवेना.

त्या दुपारी आम्ही सोळा पानांपैकी एकच पान भरलं. दर गुरुवारी संध्याकाळी चार-पाच जणांनी एका घरी जायचं. जिथे माणूस एकटं असेल तिथे आधी. खायला आपलं आपण न्यायचं, त्या माणसाला ओट्याशी उभं करायचं नाही. प्रार्थना छोटी. "छोटी म्हणजे किती?" यावर मात्र पाऊण तास भांडण झालं आणि शेवटी वॉर्डनकाकांना घड्याळ घेऊन प्रत्येक घरी पाठवायचं ठरलं.

फॉर्म पाठवल्यावर आठवड्याने कचेरीतून एका गृहस्थांचा फोन आला.

"बाई, तुमचं ध्येयवाक्य रिकामं आहे."

"सुचलं नाही हो."

"आणि हे गुरुवारचं... हे मी नवीकरणाच्या रकान्यात घालू की नियोजनाच्या?"

"दोन्हीत घाला."

"तसं चालत नाही, बाई."

"मग जिथे जागा असेल तिथे घाला," मी म्हटलं. कुठे घातलं ते मला माहीत नाही. बिशपसाहेबांचं दोन ओळींचं पत्र आलं, आभाराचं. सगळ्या मंडळ्यांना तेच गेलं असणार.

गुरुवार चालू राहिले. फार झगमगाट काही झाला नाही. एका घरी कुत्रं पाळकसाहेबांना चावलं. विक्रोळीच्या एका आजोबांनी दार उघडून आम्हाला सांगितलं, "आज नको, मॅच आहे," आणि आम्ही जिन्यात बसून त्यांच्यासाठी नेलेला पुलाव खाल्ला. पुढच्या गुरुवारी मात्र ते स्वतःच खाली गेटपर्यंत आले होते. भांडुपला मेट्रनबाईंकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मैत्रिणीचा फोटो दाखवला, दोघी पांढऱ्या टोप्यांत, ताठ. आणि मग आमच्यातल्या प्रत्येकाचं ब्लडप्रेशर तपासलं.

मी यादी ठेवायचे. कोणाच्या घरी कधी, कोण काय नेणार. यादी ठेवणारं माणूस यादीत नसतं, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी माझी मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली. तिचे वडील तर ती शाळेत असतानाच गेलेले. शाळा सुटली की मी घरी येते, कुलूप काढते, टीव्ही लावते. हे कोणाला सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मागच्या गुरुवारी यादीप्रमाणे घाटकोपरच्या एका घरी जायचं होतं. पिशवी भरून निघणार तेवढ्यात बेल वाजली. दारात पाळकसाहेब, वॉर्डनकाका, महिला मंडळातल्या दोघी आणि सगळ्यांच्या पुढे मेट्रनबाई, हातात डबा.

"अहो, आज घाटकोपर आहे ना?" मी म्हटलं.

"घाटकोपर पुढच्या आठवड्यात," मेट्रनबाई चपला काढत म्हणाल्या. "सरक बाजूला. आणि ओट्याकडे जाऊ नकोस, नियम तूच लिहिलायस."

त्या आत गेल्या, माझ्या फडताळातून ताटल्या काढल्या, पंखा वाढवला, टीव्ही बंद केला. मी माझ्याच घरात पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसले होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि ती लांबायला लागली. माझे डोळे भरून येत होते आणि त्याच वेळी मला हसूही येत होतं, कारण मिटल्या डोळ्यांनीसुद्धा मला कळत होतं की वॉर्डनकाका घड्याळाकडे बघतायत.