सासूनं नांगरलेली गाडीवाट

माझी सासू नव्वदीच्या पुढं जगली. लोक म्हणतात, पुण्यवान होती. मला विचाराल तर चिवट होती. पुण्याचं मला माहीत नाही.

ती ऐन तरुणपणी रांडावली. पदरात दोन पोरं, त्यातला थोरला माझा नवरा. आम्ही लिंग धारण करणारी माणसं, आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, बसवून माती देतात. सासऱ्याला आमच्याच शेतात, पार शेवटाला, लिंबाखाली माती दिली होती. त्याच्या शेजारची दोन हात रुंद, दोन हात लांब जागा सासूनं कधी पेरू दिली नाही. "ही माझी," म्हणायची. त्यात तण उगवलं तर स्वतः खुरपायची. बाकी कशाचा तिला हट्ट नव्हता. सणाला लुगडं मिळालं नाही तरी बोलायची नाही.

सासरा गेला तसे तिचे दीर बांध कोरायला लागले. दर साल नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, आत. माहेरचा भाऊ पालमहून येऊन म्हणाला, "चल, पोरं घेऊन." ती गेली नाही. तिनं नांगर हातात घेतला. बाईनं नांगर धरला तर पाऊस पडत नाही, असं गाव म्हणायचं. त्या साली ओढ्याला दोनदा पूर आला. मग गाव दुसरं काहीतरी बोलायला लागलं.

एवढं सोसल्यावर ती एक गोष्ट शिकली. जो एक तास पुढं जातो, जमीन त्याची. आमच्या आणि शेजाऱ्याच्या शेतांच्या मधून एक गाडीवाट होती, गावापासून थेट लिंबापर्यंत. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या जाऊन ती दगडासारखी घट्ट झाली होती. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय ठेवावा तर गुडघा आत जातो, पण त्या वाटेवर भर पावसात गाडी चालायची. सासू दर साल त्या वाटेत एक तास घालायची. तिचं बघून शेजाऱ्यानंही पलीकडून घालायला सुरुवात केली.

एकदा शेजारी बांधावर उभा राहून ओरडला, "वहिनी, आता गाडी काय डोक्यावर घेऊन जाऊ का?"

"घ्या की. डोकं लय मोठं हाय तुमचं, मावंल."

मी कापूस वेचत होते, हसले. वेचणाऱ्या सगळ्याच हसल्या. तोही हसला, आणि पुढच्या मृगात त्यानं दोन तासं घातली.

असं करत करत गाडीवाटेची पायवाट झाली. मग ट्रॅक्टर आला, तेव्हा तीही राहिली नाही. मधे नुसती एक सरी उरली. शेताला जायचं तर पिकातून जायचं. मी एकदा म्हणाले होते, "आत्याबाई, वाट तर ठेवा."

"वाट काय करतीस? तुला कुठं जायचं हाय?"

त्या घरात तिच्यापुढं कोण बोलणार? तिचे लेक तरी कुठं बोलत होते. पण मला आता वाटतं, दुसऱ्यांदा बोलायला पाहिजे होतं. तिनं ऐकलं असतं असं नाही.

ती भादव्यात गेली. आठवडाभर झड लागली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. आदल्या दिवशी मला म्हणाली, "जागा साफ करून ठेवली का गं?" मी हो म्हणाले. खरंच केली होती, पाऊस लागायच्या आधी.

आमच्यात बांबू आणि केळीच्या खांबांचं मखर करतात, त्यात मेलेल्याला बसवून नेतात. तिला अंघोळ घातली, विभूती लावली, डाव्या हातात लिंग ठेवलं, बसवलं. पुढं आमचे गुरू जंगम, मागं भजन. गाव संपेपर्यंत सगळं नीट झालं. मग शेत लागलं. माझा नवरा म्हणाला, "सोयाबीन तुडवा, आपलंच हाय." चौघे जण शिरले. वीस पावलं गेले नसतील, चौघेही गुडघ्याइतके रुतले. शेजाऱ्याचा लेकही खांदा द्यायला आला होता. तो म्हणाला, "आमच्या कडंनं चला." तिकडंही तेच. मखर एका अंगाला कललं आणि सासूची मान खाली पडली. माझ्या दिरानं चिखलात गुडघे टेकून तिला धरून ठेवलं. सत्तरीला टेकलेला माणूस, "माय, माय" करत होता.

जंगम म्हणाले, "आता मागं फिरा. हाल करू नका तिचे."

डांबरी सडकेच्या कडेला गावाची दफनाची जागा आहे, तिथं माती दिली. आजूबाजूला कोण कोण आहेत, तिच्या ओळखीचं त्यात कुणी नाही. वरून ट्रक जातात.

पाऊस उघडल्यावर मी लेकाला म्हणाले, "गाडीवाट सोडा आता. आपण आपली तासं सोडू."

"आधी त्यांनी सोडावं. आजीनं कधी सोडलं का?"

मग मी शेजाऱ्याच्या लेकाकडं गेले. त्यानं चहा पाजला. म्हणाला, "काकू, तुमचं बरोबर हाय. पण सुरुवात कुणी केली, ते तुमालाच माहीत हाय." माहीत होतंच. चहा पिऊन घरी आले.

यंदा पेरणीला आमचा आणि त्यांचा, दोन्ही ट्रॅक्टर एकाच दिवशी आले, दोन्हीकडून सरीपर्यंत पेरून गेले. मी बघायला गेले नाही.