काखेतला खांब

कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे पाठीमागे ‘करवत’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. वाईट वाटण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांना सरळ रेषेत मेण कापता येत नाही त्यांच्याकडून याहून चांगलं नाव कुठून यायचं, असं तिचं म्हणणं. सत्तावीस वर्षं खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे तासत होती. माणूस समोर न येताच त्याची सगळी कुंडली तिला कळे. हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूने चावते, याने चार वर्षं ब्रश हातात धरलेला नाही. दंतवैद्यांबद्दल तर बोलायलाच नको. “माप मागवलं तर चिखलात पाय उमटवून पाठवतात,” असं म्हणून ती साचा परत पाठवायची. आणि पंचाईत अशी, की तिचं बहुतेक वेळा बरोबर असायचं. ज्याचं बरोबर असतं त्याला गप्प कोण बसवणार?

नवरा गाडी शिकवणाऱ्या शाळेत मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दुसरा ब्रेक दाबायचा, हे त्याचं काम. तोही दिवसभर लोकांच्या चुका गोळा करून घरी आणायचा. मग जेवताना दोघं मिळून साऱ्या जगाची पिसं काढत. त्यांच्या संसारातला सगळ्यात सुखाचा तास तोच.

त्या जेवणाच्या टेबलावर एक दिवस तिसरं ताट आलं. नणंदेचं. तिच्या नवऱ्याने दुसरीकडे घर मांडलं आणि ही दोन बॅगा घेऊन भावाकडे मागच्या खोलीत राहायला आली. पंचेचाळिशीची, गोरीगुबगुबीत, लगेच हसणारी आणि लगेच डोळे पुसणारी. भाऊ तिला लहानपणापासून ठमी म्हणायचा. करवतीला तिचा राग नव्हता. राग यायला समोरच्यात काही दम लागतो. नवरा सोडून गेला तर त्याच्या वकिलाला चहा विचारणारी बाई ही. तिच्याकडे बघून करवत नुसती भुवई उचलायची.

चार महिने ठमी खोलीतून बाहेर पडली नाही. आणि मग एक दिवस म्हणाली, “वहिनी, मी एक क्लास लावणार आहे. खांबावरचा डान्स असतो ना, तो.”

भावाचा घास घशात अडकला. करवतीने पाणी पुढे केलं आणि शांतपणे विचारलं, “खांबाचं कोणी मत घेतलंय का?”

दोघं नवरा-बायको पोट धरून हसली. ठमीही हसली, म्हणजे तिच्या तोंडाने तसा आकार केला. पण हट्ट सोडला नाही. फक्त एकटीने जायची लाज वाटत होती, म्हणून भावानेच बायकोला सांगितलं, “जा गं सोबत. बाकावर बस. येऊन सांग मला सगळं.”

क्लास एका धुलाईच्या दुकानामागे, पूर्वीच्या टायरच्या गोदामात होता. अजून रबराचा वास यायचा. एका भिंतीला आरसे, छताला भिडलेले पाच खांब आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी जाड निळी गादी. शिकवणारी पोरगी सव्वीस-सत्तावीसची असेल. ‘शरीराचं ऐका’ हे तिचं पालुपद. करवतीने पहिल्याच तासाला तिचा वरचा जबडा वाचून ठेवला: लहानपणी अंगठा चोखलेला. बाकी बायकांत एक बँकेतली, एक कुत्र्यांची डॉक्टर आणि एक सतत आरशात पोट आत घेणारी. सगळ्यांनी आखूड चड्ड्या घातलेल्या, कारण खांबाला कापड पकडत नाही, कातडीच पकडते. अंगाला तेल नाही, क्रीम नाही. दर पाच मिनिटांनी खांब स्पिरिटने पुसायचा.

बाकावर बसून करवत घरासाठी शिदोरी बांधू लागली. ठमी पहिल्यांदा खांबाला बिलगली, वीतभर चढली आणि सावकाश खाली घसरत आली. त्या दिवशी जेवताना करवत म्हणाली, “खुंटीला पिठाचं पोतं अडकवलंय, आणि खुंटीच रडतेय.” नवऱ्याला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते शाळेतल्या मास्तरांनाही ऐकवलं. ठमी तेव्हा आत कपड्यांच्या घड्या करत होती. दार उघडंच होतं.

तीन महिन्यांनी त्या पोरीने एक नवीन प्रकार काढला. त्याला ती टेडी म्हणायची. नाव खेळण्याचं, काम कसायाचं. खांब एका काखेत करकचून आवळायचा, पाठीची कमरेजवळची खोबण त्याला टेकवायची, छाती पुढे झुकवायची, दोन्ही पाय समोर हवेत फाकवायचे आणि मग हात सोडून द्यायचे. बाई जमिनीपासून पुरुषभर उंच, नुसत्या काखेच्या चिमट्यावर आणि तोलावर बसलेली. पोरीने करून दाखवलं तेव्हा वाटलं, हवेत कोणीतरी अदृश्य खुर्ची ठेवलीय. बँकवालीने केलं आणि किंचाळत गादीवर आली.

“काखेत खांब दाबून बसायचं, यात शिकण्यासारखं काय आहे?” बाकावरून करवत म्हणाली. तिला वाटलं हळू म्हणाली. पण टायरच्या गोदामात आवाज घुमतो.

पोरगी वळली. “या ना मग, काकू.”

‘काकू’ हा शब्द लागला. करवत उठली. लोखंड कापायला निघाल्यासारखी खांबाकडे गेली, ढोपरापर्यंत सलवार गुंडाळली, चढली दोन फूट आणि सर्रकन खाली आली. नडगी सोलली. बाकीच्या खांबांवरच्या बायका गप्प झाल्या. एकीने जरी दात काढले असते तरी करवत निभावून गेली असती. पण ठमी धावत आली आणि गुडघ्यावर बसून म्हणाली, “लागलं का हो, वहिनी?”

जिची कीव करायची तिनेच आपली कीव करावी, याहून मोठा अपमान करवतीला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने आखूड चड्डी घेतली आणि क्लासात नाव घातलं.

नवऱ्याला तिने सांगितलं की गुडघ्यांसाठी जाते. तिचा हिशेब साधा होता: महिन्याभरात ही टेडी करून दाखवायची, पोरीच्या तोंडावर ‘झालं?’ म्हणायचं आणि परत बाकावर जाऊन बसायचं. महिना गेला, दुसरा गेला. मांड्यांवर आणि काखेत काळेनिळे डाग उमटले. काखेतली कातडी इतकी हुळहुळी झाली की कारखान्यात हात उचलून फडताळातलं प्लास्टर काढता येईना. तरी जमेना. तिच्या मते कधी खांब पितळी, म्हणून जास्त गुळगुळीत. कधी हवा दमट. कधी पोरीला शिकवता येत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं, ही म्हण तिने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती. या वेळी ती तिला आठवली नाही.

आणि इकडे शेजारच्या खांबावर ठमी एका मंगळवारी चढली, काख आवळली, पाय उघडले आणि हात सोडले. एक, दोन, तीन, चार. पडली नाही. हवेत बसून इकडेतिकडे बघत राहिली, खिडकीतून रस्ता बघावा तशी.

करवतीला पहिल्यांदा वाटलं, फसवणूक आहे. मग पोरीने समजावलं, “त्यांच्या अंगाला मांस आहे, काकू. खांबाला धरायला काहीतरी मिळतं. तुम्ही हाडकुळ्या, कातडी कोरडी. तुम्हाला तोल जास्त अचूक लागेल.” म्हणजे ज्या गुबगुबीतपणावर तिने इतकी वाक्यं खर्च केली, तोच कामाचा निघाला.

शेवटी तिने ठमीला विचारलं. विचारताना बुटाची नाडी बांधत होती, म्हणजे तोंड वर करावं लागू नये. “काय चुकतं माझं?”

ठमीने थोडा विचार केला. “तुम्ही हात सोडलेत की खाली बघता. कोण बघतंय ते बघता. मान खाली गेली की छाती पडते, आणि मग काखेतून निसटता. समोर बघा, उंच. त्या पंख्याच्या बटणाकडे.”

“एवढंच?”

“एवढंच,” ठमी म्हणाली. “पण तुम्हाला जड जाईल.”

जड गेलंच. तीन आठवडे गेले. पण एका दुपारी करवतीने बटणाकडे बघत हात सोडले आणि दोन श्वास ती हवेत राहिली. काखेत आग लागली होती. खाली उतरली तेव्हा पोरगी टाळ्या वाजवत होती आणि करवतीला ‘झालं?’ म्हणायचं सुचलंच नाही.

वर्षअखेरीला क्लासाने घरच्यांना बोलावलं. पंचवीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. नवरा आला, पुढच्या रांगेत बसला, मास्तरासारखी हाताची घडी घालून. आधी ठमीची पाळी होती. संगीत सुरू झालं, ती छान चढली, खांब काखेत घेतला, पाय उघडले. हात सुटले तेव्हा मागून कोणीतरी कौतुकाने ‘वा’ म्हणालं. आणि तेवढ्यात नवरा शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “खुंटीला पिठाचं पोतं, आणि खुंटीच रडतेय.”

शेजारी हसला. गोदामात आवाज घुमतो.

ठमीने खाली बघितलं. भावाकडे नाही, कडेला आपल्या पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या वहिनीकडे. वाक्य कुठून आलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिची छाती खाली आली, काख सुटली आणि ती मनगटावर पडली. गादी होती म्हणून हाड वाचलं.

पोरीने बर्फ आणला. कोणीतरी म्हणालं, थांबवू या. ठमी म्हणाली, “नको, वहिनींचं राहिलंय.”

करवत चढली. तिने टेडी केली, आणि चांगली केली. सात-आठ श्वास ती हवेत बसून होती. पंख्याच्या बटणाकडे बघत होती, कारण दुसरीकडे कुठेही बघायची तिची हिंमत नव्हती. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात नवरा वाजवत होता.

गाडीत तो खुशीत होता. “तू मैदान मारलंस हं. ठमीचं मात्र हसं झालं.” मागच्या सीटवर ठमी मनगट मांडीवर धरून बाहेर बघत होती.

“तुझ्या जिभेला हाड नाही,” करवत म्हणाली.

“अरे वा. वाक्य कोणाचं होतं?”

तिने त्याच्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला नवऱ्याचा चेहरा नीट दिसला: लोकांच्या चुकांवर पोसलेला, गुळगुळीत, स्वतः कधी कशावर न चढलेला माणूस. तिला त्याची किळस आली. आणि ती किळस त्याच्यापाशीच थांबेना, हे तिला घर येईपर्यंत कळत गेलं.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली. “चुकलं माझं,” ती म्हणाली.

ठमी एका हाताने उशीचा अभ्रा घालत होती. “मला माहीत होतं, वहिनी. वर्षभर माहीत होतं. दार उघडंच असायचं.” तिने अभ्रा पुढे केला. “हे टोक धरा.”

करवतीने टोक धरलं.

वसंतात ठमीने वेगळं घर घेतलं, क्लासाच्या जवळ. जेवणाचा तास आता मुकाट्याने जातो. नवरा अजून चुका आणतो, पण पिसं काढायला त्याला जोडीदार उरलेला नाही. मनगट बरं झाल्यावर पोरीने नव्या बायकांचा शनिवारचा वर्ग ठमीकडे दिला. करवतही त्या वर्गाला जाते, मागच्या खांबावर. तिथे एकजण हात सोडायच्या आधी डोळे मिटते, एकजण स्पिरिटऐवजी पाण्याने खांब पुसते, आणि त्या सगळ्यांबद्दल करवतीकडे एकापेक्षा एक वाक्यं तयार असतात. ती तोंड मिटून खांब पुसत राहते. टेडीपेक्षा ते तिला अवघड जातं, आणि दर शनिवारी जमतंच असं नाही.