डब्यातच राहिलेलं रीळ

कळंबला माझ्या हार्डवेअरच्या दुकानाला लागून बुद्धभूषणचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. माणूस कामाला चोख, पण एका पिक्चरपायी पुरता वेडा. जळालेली मोटर घेऊन गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं आणि याचं आपलं चालू: अंतराळातून आलेला पायलट काचेच्या पेटीत कसा झोपला, धाकटा भाऊ चाळीस दिवस पेटीपाशी कसा बसून राहिला, शेवटी पायलटने डोळे कसे उघडले. मी म्हणायचो, "अरे, त्या पायलटला झोपू दे की जरा!" तो चिडायचा, मला मजा वाटायची. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पिक्चर त्याने अवसरीच्या जत्रेत, तंबूच्या टॉकीजमध्ये पाहिला होता. जगभर गाजलेला, हिंदीत डब केलेला. हा नऊ वर्षांचा, थोरला भाऊ कपिल चौदाचा. वडील लवकर गेले, त्यामुळे याला हाताला धरून नेणारा कपिलच. बायका-पुरुषांच्या मधे बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, पुरुषांच्या बाजूला, कपिलने मातीवर आपला शर्ट अंथरून याला बसवलं होतं. पुढे मोबाईल आले तेव्हा भूषणला तो पिक्चर पुन्हा शोधायचा होता. कपिल म्हणाला, "मोबाईलवर बघून त्याची माती करू नको. तंबूत बघितला तसाच राहू दे." थोरल्याचा शब्द याने कधी मोडला नाही.

कपिल वायरमन. गेल्या महिन्यात खांबावरून पाय निसटला आणि डोक्यावर पडला. मंचरच्या दवाखान्यात तो मशीनवर श्वास घेत होता. मेंदू संपलाय, आता मशीन काढायचं का ते घरच्यांनी सांगा, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. भूषणचं एकच: "चाळीस दिवस व्हऊ द्या."

एकोणिसाव्या दिवशी कपिलची बायको उज्ज्वला त्याला म्हणाली, "भाऊजी, यांच्या पाठीला जखमा झाल्यात. माझ्यानं बघवत न्हाई. पण तुमी म्हणाल तसं." ती रडलीसुद्धा नाही. तिच्यात रडण्याइतकंही त्राण राहिलं नव्हतं.

भूषणने मात्र नवंच खूळ काढलं. पिक्चरमधला धाकटा भाऊ पेटीवर वाकून हाक मारतो, तोच आवाज कपिलच्या कानाशी लावायचा. मोबाईलवर हिंदीतला पिक्चर कुठेच सापडेना. तंबूत पिक्चरचं मशीन चालवणारे चांगदेवबाबा पिंपरी पेंढारला शेळ्या राखतात, असं कळलं. मी त्याला गाडीवर घेऊन गेलो. वाटेत तो मागून माझा खांदा असा काही आवळत होता, की मला ओरडावंसं वाटलं.

"जय भीम, बाबा. त्या पायलटच्या पिक्चरचं शेवटचं रीळ हाय का तुमच्याकडं?" अंगणात पाऊल टाकताच त्याने विचारलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

म्हाताऱ्याने हातातली शेळीची दोरी खुंट्याला बांधली. "पोरा, आता खोटं बोललो तर पाप लागंल," तो म्हणाला. "पायलट उठतो, ते शेवटचं रीळ नव्हंच. ते मधलं हाय. धाकट्याला पडलेलं सपान. शेवटी पायलट मरतो. भाऊच पेटीचं बटन बंद करतो."

"मी डोळ्यानं बघितलंय!"

"मी लावलं म्हणून बघितलंस. पहिल्या जत्रेत सरळ लावलं, तर बाया रडत उठल्या. देवाच्या जत्रेत रडवायला आलास का, म्हणून गावकरी अंगावर आले. तवापासून शेवटचं रीळ डब्यातच ठेवायचो, अन् सपनाचं शेवटी लावायचो. लोक हसत घरी जायचे."

भूषणने त्याची गचांडीच धरली. मी मधे पडलो. ऐंशीच्या घरातला तो माणूस धक्क्याने भिंतीला टेकला, पण चिडला नाही.

"तुझा थोरला पण असाच आला व्हता," तो म्हणाला. "वीस वर्सं झाली असतील. पुण्यात त्यानं पुरा पिक्चर बघितला. माझ्याशी लई भांडला. मग जाताना हात जोडले. म्हणला, बाबा, माझ्या भावाला कधी सांगू नका."

तिथेच, लेंड्यांच्या ढिगाशेजारी बसून भूषण लहान पोरासारखा हमसून रडला. मी गाडी वळवून आणली.

दुपारी आम्ही मंचरला पोचलो. त्याने डॉक्टरांकडे कागद मागितला, उज्ज्वलाच्या सहीखाली आपली सही केली आणि म्हणाला, "जरा थांबा. माझं सांगून व्हऊ द्या."

मग तो कपिलच्या कानाशी वाकला. "दादा, तुला ठाव व्हतं. वीस वर्सं गप ऱ्हायलास, व्हय रे?" आणि त्याने पिक्चर पहिल्यापासून सांगायला घेतला. यान, समुद्र, काचेची पेटी, चाळीस दिवस. उज्ज्वला नवऱ्याचा पाय धरून ऐकत होती. स्वप्नाचं रीळ मधे आलं नाही. त्याने ते शेवटीच लावलं, तंबूत लावायचे तसं.

"अन् मग पायलटनं डोळे उघडले," तो म्हणाला. कपिलच्या मिटलेल्या पापण्यांवरून त्याने अंगठा फिरवला. मग मागे न बघता डॉक्टरांना म्हणाला, "करा बंद."